पावणाईचं नाव

“एकटो असताना अडाकतस काय?”

“नाही. एकटा असताना कधीच नाही.”

“म्हशीवांगडा बोलताना?”

“म्हशीशीही नाही.”

“मगे माणसांनी तुझा काय वाकडा केला?”

पुरुषोत्तम धुरीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ एकमेकांना टेकले, आणि टेकले ते टेकलेच राहिले...

अनंतबुवा सुंभ वळत होते. खाडीकाठच्या त्या लहानशा मठात त्यांना दुसरं काम नव्हतं, आणि हे काम कधी संपत नव्हतं. काथ्याचा पुंजका मांडीवर घ्यायचा, तळहातानं वळायचा, पुढे सरकवायचा. समोरचा बोलेपर्यंत ते वळत राहिले.

“...ते मला सांगता येत नाही,” पुरुषोत्तम शेवटी म्हणाला.

सांगायचं होतं दुसरंच. पण ते ‘प’पासून सुरू होत होतं.

‘प’चं आणि त्याचं वैर जुनं. ‘क’ आणि ‘ब’ही अधूनमधून त्रास देत, पण ‘प’ म्हणजे थेट भाऊबंदकी. आणि नाव काय, तर पुरुषोत्तम! बारशाच्या दिवशी त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मुंबईच्या कचेरीत होता तोवर तो ‘धुरी’, गावी परतला तो ‘भाऊ’. वाचनालयात मात्र तो पांडुरंग होता. तिथे नाव सांगताना तो अडला, खिडकीतला माणूस घाईत होता, त्यानं विचारलं, “पांडुरंग?” ह्यानं मान डोलावली. पुढे कित्येक वर्षं पांडुरंग धुरीनं पुस्तकं नेली आणि वेळेवर परत केली.

आता मान डोलावून भागणार नव्हतं.

गावदेवी पावणाईच्या जत्रेत गाऱ्हाणं घालण्याचा मान धुरींच्या थोरल्या घराचा. थोरल्यानं देवीसमोर उभं राहायचं आणि साऱ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं. प्रत्येक वाक्याला गावानं म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” पुरुषोत्तमच्या वडलांनी जन्मभर ते केलं. श्रावणात ते गेले. जत्रा मार्गशीर्षात होती.

गाऱ्हाण्यात शब्द इकडचा तिकडे चालत नाही. देवांची नावं वाडवडलांनी घेतली तशीच घ्यायची. आणि पहिलं नाव पावणाईचं.

थोरल्याला जमलं नाही तर मान धाकट्या घरात जाणार. धाकट्या घरात गुणाजी होता. त्याचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जाई, आणि तो वडलांच्या बाराव्यालाच म्हणाला होता, “भाऊ, तुका त्रास नको. मी बघतंय.”

म्हणून पुरुषोत्तम मठात आला होता. पण अगदी रिकाम्या हातानं आला नव्हता.

“मी मुंबईत एका डॉक्टरांकडे शिकलोय,” तो म्हणाला. “आधी श्वास खोल घ्यायचा. तो बाहेर निघाला की त्याच्यावर शब्द सोडायचा. ओठ दाबायचे नाहीत, नुसते टेकवायचे. सुरुवातीचं अक्षर जरा लांबवायचं. दोनचार शब्दांनी थांबायचं, मग आणखी. हे सगळं मला येतं.”

हे त्यानं एकदाही न अडता सांगितलं. शब्द निवडून ठेवले होते.

“बरा शिकवला डाक्टरान,” बुवा म्हणाले. “त्येच्यात खोटा काय नाय. मगे?”

“माणसं समोर आली की त्यातलं काही सुचत नाही.”

“तेवा काय करतस?”

पुरुषोत्तम हसला. हे त्याचं खास होतं, डॉक्टरनंही न शिकवलेलं.

“शब्द बदलतो. अडणारा शब्द मला लांबूनच दिसतो, बुवा. खाडीतला खडक होडीवाल्याला दिसतो ना, तसा. मी होडी वळवतो. मालवणी शब्द अडला तर शहरी घेतो, शहरी अडला तर मालवणी. एवढ्या वर्षांत बाहेरच्या कोणाला संशय आलेला नाही. म्हणतात, धुरी मोजकं बोलतो, विचार करून बोलतो.”

“हुशार आसस.”

“आता नुसतं देवीचं नाव तेवढं निभावायला हवं. तेवढी एक युक्ती सांगा.”

बुवांनी काथ्याचा नवा पुंजका घेतला.

“चेडवाचा नाव काय तुझ्या?”

“मुलीचं? उषा.”

“बरा नाव. कोणी ठेवला?”

“मीच.”

“आणि तुझ्या आवशीचा?”

...

“आईला सगळे वहिनीच म्हणायचे.”

“काय म्हणत ता माका ठाव आसा. मी नाव इचारलंय.”

खाडीला ओहोटी लागली होती. पुरुषोत्तमनं उघड्या पडलेल्या चिखलाकडे पाहिलं.

“तिची इच्छा होती,” तो हळू म्हणाला. “मुलगी झाली तर माझं नाव ठेव म्हणाली होती. आमच्यात ठेवतात. मला... मला दिवसातून दहादा ते नाव हाक मारून घेता आलं नसतं. मी म्हटलं, जुनाट वाटतं, हल्ली असं कोणी ठेवत नाही.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. उषा बरं आहे म्हणाली... तिला शेवटपर्यंत वाटत होतं, मला तिचं नाव आवडत नाही.”

हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

बुवांनी ना पाठीवर हात ठेवला, ना समजुतीचे दोन शब्द सांगितले.

“ह्येका तू युक्ती म्हणतस,” ते म्हणाले. “माझ्याकडे ह्याच्यापेक्षा मोठी नाय.”

पुरुषोत्तम उठला. त्याला राग आला होता. बुवांचा की स्वतःचा, ते त्यालाही कळेना. तो पायरीपर्यंत गेला.

“खंय चललस? बस. मी गाऱ्हाणा घालतंय. तू गाव हो.”

“मी?”

“तुका ‘व्हय म्हाराजा’ म्हणूक येता ना?”

ते येत होतं. तो परत बसला.

बुवांनी सुंभ बाजूला ठेवला, हात जोडले. आवाज म्हातारा होता, पण स्वच्छ. “बा देवा म्हाराजा, आज हय तुझी लेकरां जमली आसत...”

“व्हय म्हाराजा.”

“काय चुकला माकला आसात ता पोटात घाल...”

“व्हय म्हाराजा.”

“आणि बा आमच्या आये...”

बुवा थांबले.

पुरुषोत्तम पुढच्या शब्दाची वाट पाहू लागला. शब्द येईना. बुवांचे डोळे मिटलेले, चेहरा शांत, ओठ किंचित उघडे. मठाच्या मागे कोणीतरी लाकूड फोडत होतं. एक घाव. दुसरा घाव...

पुरुषोत्तमच्या छातीत काहीतरी ताणू लागलं. विसरले की काय? बरं नाही की काय? वयही झालंय. आता कोणीतरी काहीतरी बोललं पाहिजे. हे असं पाहवत नाही...

“पावणाई!” तो ओरडला.

“व्हय म्हाराजा,” बुवा म्हणाले आणि डोळे उघडले.



शब्द कसा अगदी मोकळा बाहेर पडला होता, कुठेही न खरचटता. पण त्याचा आनंद करायची सोय नव्हती. जन्मभर ज्या एका गोष्टीची त्याला चीड होती, ती आज त्यानंच केली होती. खिडकीतल्या घाईच्या माणसानं केली होती तीच.

“माझो शब्द तू कित्याक घेतलस?” बुवांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“मला... राहवलं नाही.”

“तुका काय त्रास होय होतो?”

“तुम्ही अडला होता ना!”

“मी खंय अडललंय? मी थांबललंय. अडललंस तू.”

पुरुषोत्तम जायला उठला.

“उद्या ये,” बुवांनी सुंभ पुन्हा मांडीवर घेतला. “जत्रेपर्यंत येत रव. मी बोलतलंय, तू थांबाक शीक. आणि जाताना बाजारातसून जा. दुकानात उभो रव आणि मुद्दाम अडक.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. जो शब्द टाळतस, तोच घे. चांगलो चारचौघांत अडक.”

“बुवा, मी न अडकायला शिकायला आलोय.”

“त्येच्यासाठी आधी नीट अडकाक येवक होया.”

हे ऐकून कोणाचंही डोकं फिरलं असतं. पुरुषोत्तमचंही फिरलं. पण दुसरा इलाज नव्हता, आणि गुणाजी रोज संध्याकाळी अंगणात घसा साफ करत होता.

तो हसनभाईच्या दुकानात गेला. लागत होते पोहे; इतकी वर्षं तो रवा नेत असे. घरात रव्याचे डबे भरलेले, आणि बायकोनं ते का हे विचारणं सोडून दिलेलं.

“प... प... पोहे,” तो म्हणाला.

गंमत अशी, की मुद्दाम अडायला गेलं तर नीट अडता येईना. घसा आवळेना, मान ताठ होईना. ओठ नुसते एकमेकांवर टेकत होते आणि सुटत होते. इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाला आपलंच काम जमेना म्हणजे काय!

मग पुढचं, ‘पापड’, खरंच अडलं. चांगलं अडलं. हसनभाई तागडी धरून उभा राहिला.

“माझा शब्द अडकतो,” पुरुषोत्तम म्हणाला. हे वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. “जरा थांबा.”

“थांबलंय की,” हसनभाई म्हणाला. “दुसरा गिऱ्हाईक खंय आसा?”

सगळे दिवस असे गेले नाहीत. एकदा पारावरच्या दोन पोरांनी त्याची हुबेहूब नक्कल केली आणि सगळा पार हसला. पुरुषोत्तम तोंड पाडून मठात आला.

“त्यांका बरा जमला काय?” बुवांनी विचारलं.

“काय?”

“अडकाक.”

पुरुषोत्तमनं विचार केला. “नाही. ती फार जोर लावतात.”

“मगे तूय जोर लावतस, ता तुका दिसला तर.”

त्या दिवशी बुवा गाऱ्हाण्यात फार वेळ थांबले. पुरुषोत्तमची छाती ताणली, पण त्यानं तोंड उघडलं नाही. काही वेळानं ताण आपोआप उतरला. मग नुसतं बसणंच उरलं. बुवांच्या मिटलेल्या पापण्या, दाराशी वाळत घातलेला काथ्या, पाण्यावर ऊन. शब्द आला तेव्हा त्याला थोडं वाईटच वाटलं.

आणि एका दुपारी जेवताना तो मुलीला म्हणाला, “तुझं नाव दुसरंच असणार होतं.”

“काय?” उषानं विचारलं.

त्यानं श्वास घेतला, सोडला. शब्द अडला. त्यानं होडी वळवली नाही, तिथेच उभी केली. मुलगी हातातला घास तसाच धरून पाहत राहिली.

“प... पार्वती.”

मग त्यानं सगळं सांगितलं. उषा ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “मला उषाच आवडतं, बाबा. पण तुम्ही आजीला खरं सांगायला हवं होतं.”

“हो,” तो म्हणाला.

जत्रेच्या सकाळी देवळाचा मंडप भरला. मुंबईची माणसं आली होती. बुवा पहाटेच येऊन एका खांबाला टेकून बसले होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

पुरुषोत्तम देवीसमोर उभा राहिला. सगळी तंत्रं, श्वास काय न् ओठ काय, कुठल्या कुठे गेली होती. तो गावाकडे वळला.

“माझा शब्द अडकतो,” तो म्हणाला. “अडला की थांबा. येईल तो.”

मंडपात कुजबुज झाली. वडील माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. असं देवीच्या दारात कोणी कधी सांगितलं नव्हतं.

तो देवीकडे वळला. हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज हय तुझी लेकरां जमली आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“वाडवडलांनी घालून दिली ती रीत आम्ही चालवतांव...”

“व्हय म्हाराजा!”

“आणि बा आमच्या आये...”

अडलं.

भिंत उभी राहावी तसं अडलं. ओठ मिटले, मान ताठ झाली. मागे दीडदोनशे माणसांचा श्वास त्याला ऐकू येत होता. समईची वात तडतडली...

“पावणाई!” मागून गुणाजीचा आवाज आला, खाडीपलीकडे जाईल असा.

गाव “व्हय” म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात पुरुषोत्तमनं जोडलेल्या हातांतला एक हात वर केला. मागे वळून न पाहता. नुसता वर.

गाव थांबलं.

त्यानं मान सैल सोडली. ओठांवरचा जोर काढला. शब्दाला ढकलणं सोडून दिलं. छाती ताणली होती. ती आपोआप उतरू दिली. आता फक्त देवीचा चेहरा होता, चांदीचे डोळे आणि हळदीचा वास. घाई कसली ती उरली नाही.

“प... पावणाई.”

“व्हय म्हाराजा!”

पुढेही तो अडला. कुठे थोडा, कुठे बराच. प्रत्येक वेळी गाव थांबलं आणि प्रत्येक वेळी शब्द आला. गाऱ्हाणं दरवर्षीपेक्षा लांबलं, पण त्यातलं एकही नाव सुटलं नाही. शेवटी पुरुषोत्तमचं अंग घामानं भिजलं होतं, आणि खोटं कशाला, त्याला रडू येत होतं.

गुणाजी पुढे आला.

“माझा वैर नाय,” तो गावाला म्हणाला. “पण अशा तोतऱ्या गाऱ्हाण्याक देवी पावतली कशी? मान कोणाकडे ऱ्हवाचो, ता तिकाच इचारुया. कौल घेवा.”

देवीचं नाव निघाल्यावर नाही कोण म्हणणार? पुरुषोत्तमनंही होकारार्थी मान डोलावली.

गुरवानं पाकळ्या भिजवल्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवली. उजवी आधी पडली तर मान थोरल्या घरात. डावी पडली तर गुणाजीकडे. “सांग गे आये,” गुरव म्हणाला आणि बाजूला झाला.

गाव खाली बसलं.

पाकळी पडेना. उजवी पडेना आणि डावीही पडेना.

समईत पुन्हा तेल घातलं गेलं. मुलं आयांच्या मांडीवर झोपली. उन्हाची तिरीप दारातून आत आली, हळूहळू सरकली आणि निघून गेली. पुरुषोत्तम बुवांच्या शेजारी बसला होता. त्याच्या पलीकडे गुणाजी, हात जोडून, पाकळ्यांवर नजर लावून.

मुंबईहून आलेला एक पाहुणा कंटाळला. “अहो, किती वेळ? गुरवांना सांगा, जरा हलवा. नाहीतर दुसऱ्या पाकळ्या लावा.”

गुणाजी तटकन मागे वळला.

“गप रव! देवी आसा ती. तिच्या वेळेन बोलतली. ती अशी हलवून बोलाची नाय, आणि आपल्याक खंयची घाई?”

पाहुणा ओशाळला. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मंडप पुन्हा शांत झाला...

अनंतबुवांनी डोळे उघडले. पुरुषोत्तमच्या पुढून वाकून, देवीकडे नजर टाकून, कोणाला सहज काही विचारावं तसं, त्यांनी हळू आवाजात विचारलं,

“गुणाजी, मगे हिकाय तोतरीच म्हणूचा काय रे?”